आईचा आवाज आणि सुप्रभातची फुलं

आखाजी (अक्षय्य तृतीया) आली की खानदेशातल्या लेकीबाळींना माहेर दिसू लागतं. यावल, फैजपूर, भालोद, किनगाव हा सातपुड्याच्या पायथ्याचा केळीचा पट्टा. इथल्या कित्येक घरांची माणसं आज पुण्यात, नाशकात, सुरतेत आहेत, काही परदेशातही. आखाजीच्या झोक्यावर बसायला जिला येता येत नाही, तिच्या फोनवर झोक्याचा फोटो तेवढा पोचतो. या फोनने घर जोडलं की तोडलं, हा वाद घरोघरी चालतो. त्यात दोन्ही बाजूंनी काही गैरसमज आहेत.

गैरसमज १ : मोबाईल आला आणि माणसं दुरावली.

वस्तुस्थिती : माणसं शिक्षणासाठी, पोटासाठी आधीच लांब गेली होती, मोबाईल त्यांच्यामागून आला. त्याआधी अंतर्देशीय पत्र होतं, मग एसटीडी बूथवरची रांग. अमेरिकेत पिट्सबर्ग इथे रॉबर्ट क्राउट आणि सहकाऱ्यांनी नव्यानेच इंटरनेट घेतलेली घरं अभ्यासली. जास्त वापर करणाऱ्यांचं घरच्यांशी बोलणं थोडं घटलं आणि एकटेपणा थोडा वाढला, असं त्यांनी १९९८ मध्ये मांडलं. ते जगभर गाजलं. पुढे तेच संशोधक त्याच माणसांकडे पुन्हा गेले, तेव्हा बहुतेक दुष्परिणाम ओसरले होते. हा २००२ चा निष्कर्ष मात्र फारसा कुणी सांगत नाही.

गैरसमज २ : सगळे ग्रुपवर आहेत, म्हणजे सगळे संपर्कात आहेत.

वस्तुस्थिती : मोइरा बर्क आणि क्राउट यांनी २०१६ मध्ये फेसबुक वापरणाऱ्या सुमारे १,९०० जणांचा अभ्यास प्रसिद्ध केला. जवळच्या माणसाने आपल्यासाठी म्हणून लिहिलेले शब्द आले, तर मनाला बरं वाटत होतं. नुसत्या ‘लाइक’ने किंवा सर्वांसाठी टाकलेल्या पोस्टने तसा फरक दिसला नाही. सकाळी ग्रुपवर येणारी सुप्रभातची फुलं वाईट नाहीत. पाठवणारा खुशाल आहे एवढं त्यातून कळतं. पण ती सर्वांना सारखीच जातात. ‘काकू, तुमच्या गुडघ्याचं दुखणं कसं आहे?’ हा प्रश्न मात्र एका काकूंचाच असतो.

गैरसमज ३ : मेसेज केला काय, फोन केला काय, एकच.

वस्तुस्थिती : विस्कॉन्सिन विद्यापीठात लेस्ली सेल्ट्झर यांनी ७ ते १२ वर्षांच्या मुलींना अनोळखी माणसांपुढे बोलायला आणि तोंडी गणितं सोडवायला लावली. मुली घाबरल्या. नंतर काहींना आईने जवळ घेतलं, काहींशी आई फोनवर बोलली. २०१० चा निष्कर्ष असा, की दोन्ही गटांत ताणाचं कॉर्टिसॉल हे संप्रेरक उतरलं आणि मायेशी निगडित ऑक्सिटोसिन वाढलं. आईचा नुसता आवाजही जवळपास कुशीइतका कामी आला. २०१२ मध्ये त्यांनी लेखी मेसेजचीही परीक्षा घेतली. आईचे शब्द पडद्यावर वाचलेल्या मुलींमध्ये ऑक्सिटोसिन वाढलं नाही. आईशी संपर्कच न झालेल्या मुलींसारखीच त्यांची स्थिती राहिली.

‘मी बरी आहे’ असं टाइप केलं की ते बरंच दिसतं. तेच बोलताना आवाज जरा खोल गेला, की यावलला बसलेली आई लगेच विचारते, ‘काय झालं गं?’

मग आपण फोन का टाळतो? बोलताना अवघडल्यासारखं होईल, असं वाटतं म्हणून. अमित कुमार आणि निकोलस एपली यांच्या २०२१ च्या प्रयोगांत जुन्या मित्रांशी संपर्क साधणाऱ्यांनाही हीच धास्ती होती. प्रत्यक्षात बोलणारे लिहिणाऱ्यांपेक्षा जास्त अवघडले नाहीत, आणि त्यांना जवळीक मात्र जास्त वाटली.

गैरसमज ४ : तान्ह्या नातवाला व्हिडिओ कॉल दाखवणं म्हणजे स्क्रीनची सवय लावणं.

वस्तुस्थिती : अमेरिकन बालरोगतज्ज्ञांची संघटना १८ महिन्यांखालच्या बाळांना पडद्यापासून दूर ठेवायला सांगते, पण घरच्यांशी व्हिडिओ कॉलला सूट देते. कारण आजी हसली की बाळ हसतं, बाळाने हात हलवला की आजीही हलवते. कार्टून असं उत्तर देत नाही. आईबाबांनी शेजारी बसून ‘बघ, आजी बोलावते’ असं म्हटलं, तर बाळाला ते आणखी उमगतं.

गैरसमज ५ : घरच्याने पाठवलंय, म्हणजे खरंच असणार.

वस्तुस्थिती : ही चूक आपल्याच खानदेशात जीवघेणी ठरली. १ जुलै २०१८ रोजी धुळे जिल्ह्यातल्या राईनपाड्यात, मुलं पळवणारी टोळी आल्याच्या अफवेतून जमावाने पाच निरपराधांना ठार मारलं. भिक्षा मागायला आलेली नाथपंथी डवरी गोसावी समाजाची ती माणसं होती. अशा अफवा मोबाईलवरून पसरत होत्या. त्याच महिन्यात व्हॉट्सअॅपने भारतात एका वेळी पाचच ठिकाणी मेसेज पुढे पाठवण्याची मर्यादा आणली. मेसेजवर दुहेरी बाण दिसला, तर तो अनेक हातांतून फिरत आलेला असतो. मामांवर आपला विश्वास असतो; पण तो मजकूर मामांचा नसतो. ‘मामा, हे तुम्हाला कुठून आलं?’ असं विचारण्यात त्यांचा अपमान नाही.

गैरसमज ६ : व्हिडिओवर दर्शन झालं, आता गावी जायची काय गरज?

वस्तुस्थिती : श्रावणात घरी कानबाई देवी बसते तेव्हा भाऊबंदकी एकत्र येऊन रोट खाते. वर्षभर न बोललेले दोन भाऊ तिथे एका पंगतीला बसतात. हे पडद्यावर पाहता येतं, पण त्या पंगतीत बसता येत नाही. फोनने भेटीची ओढ टिकवावी आणि माणसाला गाडीत बसवून गावी आणावं. फोनवरच भागलं असं वाटू लागलं, की घराचं काहीतरी हरवतं.

म्हणून आज संध्याकाळी ग्रुपवर काही पुढे पाठवण्याआधी घरी एक फोन लावा. केळीला भाव काय मिळाला, पाऊस झाला का, एवढंच विचारलंत तरी चालेल. आईला तुमचा ‘हॅलो’ ऐकू द्या. तुम्ही कसे आहात, हे ती त्यावरूनच ओळखेल.