केस का गळतात?

आषाढी वारीसाठी निघालेली श्रीगजानन महाराजांची पालखी मजल दरमजल करीत दरवर्षी शेगावहून सोलापुरास येते. त्यामुळे बुलढाणा जिल्ह्यातील तो दूरचा तालुका आम्हां सोलापूरकरांना परका वाटत नाही. डिसेंबर २०२४ पासून त्याच तालुक्यातील बोंडगाव, कालवड, हिंगणा या खेड्यांत एक विलक्षण प्रकार घडू लागला. आधी डोके खाजे, मग केस राठ होत आणि तीन-चार दिवसांत ते मुठीने हातात येऊन डोके उघडे पडे. पाहता पाहता अठरा गावांतील अडीचशेहून अधिक माणसांना ही व्यथा जडली. त्यांत शाळकरी मुले होती, तरुण मुलीही होत्या. काहींनी तर लाजेपोटी उरलेले केसही उतरवून टाकले. हा रोग स्पर्शाने जडतो की काय, या भीतीने लोक त्यांच्यापासून दूर राहू लागले.

हे कोडे समजण्यासाठी प्रथम केसाची ओळख करून घेऊ. आपल्या डोक्यावर सुमारे एक लाख केस असतात. आपल्याला दिसणारा केस निर्जीव असतो; जिवंत असते ते कातडीखालचे त्याचे मूळ. हे मूळ महिन्याला सुमारे एक सेंटिमीटर केस वाढवते. दोन ते सहा वर्षे असे राबल्यावर ते सुमारे तीन महिने विसावा घेते, आणि जुना केस टाकून नवा वाढवू लागते. म्हणून रोज पन्नास ते शंभर केस गळणे हा रोग नव्हे.

विषमज्वर किंवा डेंग्यू यांसारख्या तापात मात्र पुष्कळ मुळे एकदमच विसाव्याला जातात, आणि दोन-तीन महिन्यांनी केस झडू लागतात. तोवर ताप सर्वजण विसरलेले असतात. दोष मिळतो बिचाऱ्या तेलाला! आहारात लोह किंवा प्रथिने कमी पडली तरी केस गळतात. चाई या विकारात शरीराची संरक्षक शक्तीच मुळांवर उलटते व रुपयाएवढी गोल जागा मोकळी होते. चाई स्पर्शाने पसरत नाही. गजकर्णाची बुरशी मात्र एकमेकांचा कंगवा वापरल्याने पसरते. टक्कल बहुधा वंशपरंपरेने येते. माझे आजोबा, माझे वडील आणि मी यांची डोकी एकाच घडणीची आहेत. वर्गातील मुले फळ्याऐवजी माझ्या डोक्याकडे पाहून हसत, हे मला ठाऊक होते.

शेगावकडे यांपैकी एकही कारण जुळेना. बुरशी म्हणावी, तर इतक्या थोड्या दिवसांत इतके केस जात नाहीत. साबण-शाम्पूवर संशय गेला, पाणी तपासले गेले. भारतीय आयुर्विज्ञान संशोधन परिषदेची पथके गावोगाव फिरली. विंचूदंशावरील संशोधनामुळे प्रसिद्ध असलेले महाडचे डॉक्टर हिंमतराव बावस्कर हेही तेथे गेले. त्यांनी रुग्णांचे रक्त, लघवी व केस तपासून घेतले. त्यांत सेलेनियम हे मूलद्रव्य फार वाढलेले आणि जस्त कमी झालेले आढळले. घरोघरी खाल्ला जाणारा शिधावाटपाचा गहू तपासला, तर त्यातही सेलेनियम अतिशय होते. हा गहू पंजाब-हरियाणाकडून आलेला असावा, असे त्यांचे मत पडले. पंजाबातील शिवालिक डोंगरांच्या पायथ्याशी काही जमिनींत सेलेनियम पुष्कळ असते, हे पूर्वीपासून माहीत आहे. शरीराला सेलेनियम लागते खरे, पण अगदी अल्प. अतिरेक झाला की तेच विष होते. चीनमधील एन्शी भागात १९६१ ते १९६४ या काळात अशाच विषबाधेने लोकांचे केस व नखे गळली होती.

म्हणून उपचार कारण पाहून ठरतो. विषारी धान्य पोटात जात असता डोक्याला कोणतेही तेल चोळून काय उपयोग? लोह कमी असेल तर ते भरून काढावे लागते. डोक्याच्या गजकर्णाला नुसते मलम पुरत नाही, कारण ते मुळापर्यंत पोहोचत नाही. पोटातून औषध घ्यावे लागते. चाईची जागा पुष्कळदा आपोआप भरते. टकलावर वापरले जाणारे मिनॉक्सिडिल हे मुळात रक्तदाबाचे औषध. ते घेणाऱ्यांच्या अंगावर केस वाढू लागले, तेव्हा त्याचा हा गुण लक्षात आला. ते थांबवले की वाढलेले केस पुन्हा गळतात. मानेकडील केस मुळासकट काढून पुढे लावण्याची शस्त्रक्रियाही आहे. तथापि ती खर्चाची आहे.

शेगाव तालुक्यात पाच-सहा आठवड्यांनी अनेकांच्या डोक्यावर पुन्हा बारीक केस दिसू लागले. पुढे एप्रिल २०२५ मध्ये त्यांच्यापैकी काहींची नखे ठिसूळ होऊन गळू लागली. नख आणि केस केराटिन या एकाच द्रव्याचे बनतात. परंतु नख फार हळू वाढते, महिन्याला सुमारे तीन मिलिमीटर. त्यामुळे केसांवर हिवाळ्यात उमटलेला परिणाम नखांच्या टोकाशी उन्हाळ्यात दिसला असावा.