मॉरिशसचे सण – लेखांक ३ : दीड दिवसाची सरकारी सुट्टी

मागच्या आठवड्यात आपण महाशिवरात्रीच्या कावडींबरोबर गंगा तलावापर्यंत गेलो. आज या देशाच्या सार्वजनिक सुट्ट्यांची यादी वाचू या. मॉरिशस समजून घ्यायला मला ही यादी कुठल्याही इतिहासग्रंथाइतकीच उपयोगी वाटते.

२०२४ साली आपल्याकडे गणेशचतुर्थी ७ सप्टेंबरला होती. मॉरिशसने सुट्टी दिली ८ सप्टेंबरला. त्याआधीच्या वर्षीही आपल्याकडे १९ आणि तिकडे २०. हा पंचांगातला फरक नव्हे. चतुर्थीला गणपती घरी बसतो आणि सुट्टी मिळते ती विसर्जनाला. दीड दिवसाचा गणपती म्हणजे काय, हे कोकणातल्या माणसाला वेगळं सांगायला नको. इथल्या मराठी लोकांचे पूर्वज एकोणिसाव्या शतकात ऊसमळ्यांवर मजुरीला आले, त्यांतले पुष्कळ रत्नागिरीकडचे. येताना त्यांनी गणपती आणला, जाखडी आणली. दोन्ही टिकलं. हेन्रिएटा गावात १८९६ साली पहिला गणपती बसला, असं तिथले मराठी सांगतात. आज ढोलकी-झांजांच्या तालावर मिरवणुका नदीकडे, समुद्राकडे निघतात. नाचणाऱ्यांची आपापसातली बोली बहुधा क्रिओल असते, पण आरती मराठीच.

लोकसंख्येत मराठी अगदी थोडे. तरी त्यांच्या सणाला देशभर सुट्टी कशी? इथे वाटणी धर्माप्रमाणे झाली असं वरवर वाटतं. खरं तर हिंदूंपुरती ती भाषेप्रमाणे झाली आहे. देशातले जवळपास निम्मे लोक हिंदू, पण ते एका नावाखाली मावत नाहीत. महाशिवरात्र मुख्यतः भोजपुरी घरांची, थायपूसम कावडी तमिळांची, उगादी तेलुगूंची, गणेशचतुर्थी मराठ्यांची. उगादी म्हणजे आपल्या पाडव्याचाच दिवस, पण तिथे तो तेलुगूंच्या नावावर आहे. दिवाळी तेवढी सगळ्यांची. त्या दिवशी रताळ्याच्या पारीत ओलं खोबरं भरून तळलेले ‘गातो पतात’ शेजारीपाजारी जातात, मग शेजारी मुसलमान असो की कॅथलिक. चिनी नववर्षाला उलट दिशेने चिकट तांदळाचा ‘गातो लासिर’ येतो. चिनी वंशाचे लोकही मूठभरच, पण त्यांच्या वसंतोत्सवाला सुट्टी आहे. ईद आणि नाताळ तर आहेतच.

ही वाटणी आपोआप झालेली नाही. १९६८ मध्ये स्वातंत्र्य मिळालं तेव्हा राज्यघटनेनेच लोकांचे चार गट धरले : हिंदू, मुसलमान, चिनी वंशाचे आणि उरलेले सगळे ‘जनरल पॉप्युलेशन’. आपला दिवस यादीत असणं म्हणजे या देशाने आपल्याला मोजलं, ही भावना तिथे फार खोल आहे. मला ती रास्त वाटते. मळ्यावर ज्यांच्या आजोबांची ओळख एका नंबरावर होत होती, त्यांच्या देवासाठी सरकारी कचेरी बंद राहते, ही लहान गोष्ट नाही.

पण सगळ्यांना एकत्र आणणारी एक रात्र या यादीत नाहीच. फादर जाक-देझिरे लावाल १८४१ साली फ्रान्सहून इथे आले आणि नुकत्याच मुक्त झालेल्या गुलामांमध्ये राहून काम करू लागले. ९ सप्टेंबर १८६४ रोजी ते वारले. दर वर्षी ८ तारखेच्या संध्याकाळपासून माणसं पोर्ट लुईजवळच्या सेंत-क्रुआ इथल्या त्यांच्या समाधीकडे चालू लागतात. कुणी बेटाच्या पार दुसऱ्या टोकाहून रात्रभर चालतं. त्यांत हिंदू असतात, मुसलमान असतात, नवस बोललेल्या बायका असतात, कडेवर आजारी मूल घेतलेले बाप असतात. २०२४ मध्ये गणपती विसर्जनाची सुट्टी आणि लावाल यात्रेची रात्र एकाच तारखेला आली होती.

‘उरलेले सगळे’ या शब्दांत ज्यांना बसवलं, त्या क्रिओल लोकांचं काय? आफ्रिका आणि मादागास्करहून धरून आणलेल्यांचे हे वंशज. त्यांच्यापासून त्यांची भाषा, देव, नावं सारं हिरावलं गेलं होतं, त्यामुळे पूर्वजांच्या देशातून आणलेला सण म्हणून पुढे करायला त्यांच्याकडे काही उरलं नव्हतं. फेब्रुवारी १९९९ मध्ये काया हा त्यांचा लाडका गायक पोलीस कोठडीत मरण पावला आणि बेट पेटलं. मॉरिशसच्या सलोख्याचं कौतुक करताना ते दिवस वगळणं मला प्रामाणिकपणाचं वाटत नाही. आता १ फेब्रुवारीला, १८३५ च्या गुलामीमुक्तीची आठवण म्हणून, सुट्टी असते. २ नोव्हेंबरला १८३४ मध्ये ‘अॅटलस’ जहाजातून आलेल्या मजुरांच्या नावाने. या दोन तारखांना कुठलाही देव बसत नाही, आणि सबंध यादीत मला याच दोन सर्वांत महत्त्वाच्या वाटतात. त्यांच्या दोन जागा, ल मोर्नचा डोंगर आणि आप्रवासी घाट, पुढच्या लेखांकात.