ऐंशी रुपयांचे भांडवल

मुलांनो, जेवणाच्या ताटातला पापड तुम्ही अनेकदा खाल्ला असेल. पण पापड लाटून हजारो घरांच्या चुली पेटतात, हे तुम्हांला ठाऊक आहे का?

एखादा माणूस दुकान काढतो. नफा झाला, की तो त्याचा. एखादी संस्था देणग्या गोळा करून गरिबांना मदत करते. देणग्या आटल्या, की मदतही थांबते. या दोहोंच्या मधली एक वाट आहे. माल तयार करायचा, तो बाजारात विकायचा आणि त्यातूनच खर्च भागवायचा. पण हे सारे एकट्याच्या फायद्यासाठी नव्हे, तर गरजू लोकांना काम मिळावे म्हणून करायचे. अशा उद्योगाला सामाजिक उद्योग म्हणतात. तो कसा उभा राहतो, हे एका खऱ्या उदाहरणावरून पाहू.

१५ मार्च १९५९ चा दिवस. मुंबईच्या गिरगावात एका इमारतीच्या गच्चीवर सात स्त्रिया पापड लाटायला बसल्या. त्या फारशा शिकलेल्या नव्हत्या. स्वयंपाकघरातले कौशल्य हीच त्यांची शिदोरी होती. त्यांच्यापैकी एक होत्या जसवंतीबेन पोपट. पीठ, मसाला आणि साधे सामान घ्यायलाही त्यांच्याजवळ पैसे नव्हते. तेव्हा छगनलाल करमसी पारेख या समाजसेवकांकडून त्यांनी ८० रुपये कर्ज घेतले. पहिल्या दिवशी पापडांची चार पाकिटे तयार झाली. ती भुलेश्वरच्या एका व्यापाऱ्याला विकली.

त्यांनी दान का मागितले नाही, असे तुम्हांला वाटेल. दान परत करावे लागत नाही, कर्ज मात्र फेडावे लागते. म्हणून कर्ज घेणारा एकेक पैसा जपून वापरतो. तोटा झाला तरी कोणापुढे हात पसरायचा नाही, असे या स्त्रियांनी सुरुवातीलाच ठरवले होते.

आरंभी त्या दोन प्रकारचे पापड करत. एक चांगला आणि दुसरा स्वस्त, कमी प्रतीचा. छगनलालजींनी त्यांना समजावले, की पापड एकाच उत्तम प्रतीचा करा आणि हिशेब चोख ठेवा. स्त्रियांनी हा सल्ला मानला. गिऱ्हाइकाचा विश्वास हेही भांडवलच असते. ते एकदा गेले, तर कोणतेही कर्ज काढून परत मिळत नाही.

अडचणी आल्याच. पापड वाळवायला ऊन लागते. पहिल्या वर्षी पावसाळ्यात चार महिने काम बंद ठेवावे लागले. काम बंद म्हणजे कमाई बंद! पुढच्या वर्षी त्यांनी एक खाट आणि एक स्टोव्ह विकत घेतला. खाटेवर पापड पसरायचे आणि खाली स्टोव्ह पेटवायचा. पावसातही पापड वाळू लागले! १९६१ मध्ये मालाडला शाखा काढण्याचा प्रयत्न मात्र फसला. तरी त्या खचल्या नाहीत. १९६२ मध्ये पापडाला ‘लिज्जत’ हे नाव मिळाले. लिज्जत म्हणजे चव. हा शब्द तुमच्या उर्दूतील ‘लज्जत’चाच भाऊ आहे.

१९६६ मध्ये ‘श्री महिला गृहउद्योग लिज्जत पापड’ या संस्थेची कायद्याने नोंदणी झाली. त्याच वर्षी खादी व ग्रामोद्योग आयोगाने तिला मान्यता दिली आणि ८ लाख रुपयांचे खेळते भांडवल मिळाले. येथे क्रम लक्षात घ्या. आधी काम, मग चोख हिशेब, मग नोंदणी आणि त्यानंतर मोठी रक्कम. ज्याचा हिशेब स्वच्छ, त्याच्यावर पैसे देणारा विश्वास टाकतो.

या संस्थेत कोणी मालक नाही आणि कोणी नोकर नाही. काम करणाऱ्या स्त्रिया एकमेकींना बहीण म्हणतात. कोणत्याही जातिधर्माची स्त्री या कामात येऊ शकते. ती केंद्रावरून मळलेले पीठ घरी नेते, पापड लाटून वाळवते आणि केंद्रावर आणून देते. तिथे ते तपासले जातात आणि तिला लाटण्याची मजुरी मिळते. नफा झाला तर तो बहिणींत वाटला जातो. तोटा झाला तर तोही त्याच सोसतात. सात जणींनी सुरू केलेल्या या कामात आज चाळीस हजारांहून अधिक स्त्रिया आहेत. २०२१ मध्ये जसवंतीबेन पोपट यांना पद्मश्री पुरस्काराने गौरवण्यात आले.

मुलांनो, तुमच्या मोहल्ल्यातही कुणी सुरेख भरतकाम करत असेल, कुणाच्या हातचे लोणचे चविष्ट असेल. हुन्नर आहे, पण कमाई नाही. अशा हातांना एकत्र आणायला नेहमीच मोठी रक्कम लागते असे नाही. विचारपूर्वक घेतलेले थोडे कर्ज, चांगला माल आणि चोख हिशेब एवढ्यावरही सुरुवात होते.

शब्दार्थ
भांडवल – धंद्यासाठी लावलेला पैसा
शिदोरी – (येथे अर्थ) जवळची पुंजी
चोख – अगदी बरोबर, स्वच्छ
खेळते भांडवल – रोजच्या खर्चासाठी लागणारा पैसा
खचणे – धीर सोडणे

स्वाध्याय
१. दान आणि कर्ज यांत कोणता फरक आहे?
२. पावसाळ्यातली अडचण स्त्रियांनी कशी दूर केली?
३. ‘गिऱ्हाइकाचा विश्वास हेही भांडवलच असते’ हे वाक्य तुमच्या शब्दांत स्पष्ट करा.