निळं नेसू की गुलाबी?

आपल्याकडे डोहाळेजेवणाला काय नेसायचं, हा प्रश्न कुणाला पडत नाही. होणारी आई हिरवी साडी नेसते, हातभर हिरव्या बांगड्या भरते, फुलांचे दागिने लेवून झोपाळ्यावर बसते. जमलेल्या बायकांनी जरा ठेवणीतलं नेसलं की झालं. हिरवा रंग भरल्या शेताचा. मुलगा की मुलगी, असं तो विचारत नाही.

न्यू जर्सीतल्या माझ्या भाचीनं मात्र मला पेचात टाकलं आहे. तिच्याकडच्या समारंभात केक कापायचा. आत निळा रंग निघाला तर मुलगा, गुलाबी निघाला तर मुलगी. पाहुण्यांनी आपापल्या अंदाजाप्रमाणे निळं किंवा गुलाबी घालून यायचं. ‘मावशी, तू काय नेसणार?’ असं तिनं फोनवर विचारलं. पाठोपाठ हळूच हेही सांगितलं, की सासूबाईंनी निळी पैठणी काढून ठेवली आहे!

या रंगांना कसला आलाय शास्त्राधार? १९१८ साली अमेरिकेतल्याच बालकपड्यांच्या एका व्यापारी मासिकानं नेमका उलटा सल्ला दिला होता. गुलाबी ठसठशीत, म्हणून तो मुलग्यांना. निळा नाजूक, म्हणून तो मुलींना! केकची टूम तर अगदी अलीकडची. २००८ साली जेना कार्वुनिडिस या बाईंनी कापलेल्या केकपासून ती पसरली. त्यांनीच २०१९ मध्ये तिच्याबद्दल खंत व्यक्त केली. केकमधल्या गुलाबी रंगानं जिची वर्दी दिली होती, ती त्यांची लेक तोवर आवडीनं सूट घालू लागली होती.

म्हणजे दोष रंगाचा नाही, बघणाऱ्याच्या मनाचा. आपणही काही कमी नाही. डोहाळेजेवणात दोन झाकल्या वाट्या पुढं येतात. पेढा निघाला तर मुलगा, बर्फी निघाली तर मुलगी. बर्फीला तोंडभरून ‘लक्ष्मी आली’ म्हणतात खरं. पण पेढा निघाला की टाळ्या जरा जोरात वाजतात. खेळ म्हणून हे खपतं, कारण खरं काय ते कुणालाच ठाऊक नसतं.

ते ठाऊक होऊ नये, म्हणून आपल्याला कायदा करावा लागला. देशात सर्वांत आधी महाराष्ट्रानं, १९८८ साली. मग १९९४ मध्ये केंद्रानं. गर्भाचं लिंग शब्दानं, खुणेनं वा अन्य कुठल्याही प्रकारे सांगायला त्यात बंदी आहे. केकचा रंग ही खूणच की! तरीही महाराष्ट्रात सहा वर्षांपर्यंतच्या हजार मुलांमागे २००१ साली ९१३ मुली होत्या, त्या २०११ च्या जनगणनेत ८९४ उरल्या.

अमेरिकेत अशी बंदी नाही. तिथल्या शेजारणीला निळी पैठणी हा गमतीचा अंदाज वाटेल. पण आपल्या घरांतून वाढलेल्या मुलीला त्यात अपेक्षा ऐकू येते. उत्तरादाखल मी गुलाबी नेसले, तर दोन बायकांची रस्सीखेच. आणि दोर त्या पोरीच्या पोटाला बांधलेला.

तेव्हा अशा आमंत्रणाला जाणाऱ्या साऱ्यांना माझं सांगणं एकच: हिरवं नेसा. केकमधून काहीही निघो, हिरवं नेसणारीचा अंदाज चुकत नाही आणि तिचा चेहराही कुणी निरखत नाही. मी हिरवी इरकल काढली आहे. पेढे आणि बर्फी दोन्ही नेणार आहे, एकाच डब्यात.