गोळी एकच, नावे अनेक : बीपीचे औषध समजून घेऊ

दौंड तालुक्यातील कुरकुंभ एमआयडीसीत सिप्ला, एमक्युअर अशा औषध कंपन्यांचे कारखाने आहेत. शेजारच्या शिरूर तालुक्यात रांजणगावची वसाहत आहे. दोन्हीकडे आपले तरुण कामाला जातात. पण घरातील आई-वडिलांची बीपीची गोळी पगार लांबला की बंद होते. म्हणून ही गोळी आणि तिची किंमत दोन्ही समजून घेतली पाहिजे.

अ‍ॅम्लोडिपिन हे बीपीसाठी सर्वाधिक वापरल्या जाणाऱ्या औषधांपैकी एक. ते रक्तवाहिन्यांच्या स्नायूंत शिरणारे कॅल्शियम रोखते. त्यामुळे वाहिन्या सैल होतात, दाब उतरतो आणि हृदयावरचा ताण कमी होतो. चालताना छातीत दुखणाऱ्या रुग्णांनाही ते देतात. मात्र अचानक छातीत कळ आली तर ही गोळी घेऊन थांबू नये, थेट रुग्णालय गाठावे. औषध शरीरात बराच काळ टिकते, म्हणून दिवसातून एकदाच पुरते. घोट्यांना सूज आली तर डॉक्टरांना सांगावे, गोळी मनाने बंद करू नये. बीपी बहुधा दुखत नाही, पण वाढलेला राहिला तर पक्षाघात आणि हृदयविकार ओढवतो.

हे औषध मूळ फायझर कंपनीचे. अमेरिकेत त्याच्या जेनेरिक गोळ्या २००७ मध्ये आल्या. भारतात मात्र १९७० च्या पेटंट कायद्याने औषधाच्या पदार्थावर मक्तेदारी ठेवली नव्हती, फक्त बनविण्याच्या पद्धतीवर पेटंट मिळे. त्यामुळे आपल्या कंपन्यांनी वेगळ्या पद्धतीने ते आधीच बनवले. २००५ पासून पदार्थावरचे पेटंट परत आले, पण तोवर अ‍ॅम्लोडिपिन सर्वांचे झाले होते.

मग स्पर्धा एवढी असताना दुकानात किमती वेगवेगळ्या का? कारण स्टॅमलो, अ‍ॅम्लॉन्ग, अ‍ॅम्लोकाइंड ही सगळी एकाच औषधाची नावे आहेत, आणि नाव निवडतो डॉक्टर, पैसे देतो रुग्ण. निवडणारा आणि देणारा वेगळा असला की स्पर्धेचा फायदा खिशापर्यंत पोहोचत नाही. औषध अत्यावश्यक यादीत असल्याने सरकार कमाल किंमत ठरवते. पण ती बाजारातील किमतींच्या सरासरीवर ठरते, उत्पादन खर्चावर नाही. जनऔषधी केंद्रात तेच औषध स्वस्त मिळते.

एक सावधगिरी महत्त्वाची. अ‍ॅम्लोडिपिनच्या रेणूची डाव्या-उजव्या हातासारखी दोन रूपे असतात. दाब उतरवण्याचे काम मुख्यतः एकच रूप करते. पुण्याच्या एमक्युअरने तेवढेच रूप ‘असोमेक्स’ नावाने बाजारात आणले. त्याची अडीच मिलिग्रॅम म्हणजे साध्या अ‍ॅम्लोडिपिनची पाच मिलिग्रॅम. दोन डॉक्टरांच्या दोन चिठ्ठ्यांवरून दोन्ही गोळ्या घेतल्या तर डोस दुप्पट होतो. पाकिटावर ‘एस’ अक्षर आहे का, ते वाचा.

कार्यकर्त्यांनी एवढे करावे : विहारात बैठक असेल तेव्हा ज्येष्ठांच्या गोळ्यांची पाकिटे मागवून औषधाचे मूळ नाव आणि मिलिग्रॅम वहीत लिहून द्यावे. डॉक्टरांकडे मूळ नावाने चिठ्ठी मागावी. तिशी ओलांडलेल्यांची सरकारी दवाखान्यात बीपी तपासणी करवावी. महाराष्ट्रात १५ ऑगस्ट २०२३ पासून आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत उपचार मोफत आहेत. तिथे गोळी संपली असेल तर तोंडी तक्रार करून परतू नका, लेखी अर्ज द्या आणि पोच घ्या.