ड्रम सेटला रॅक घ्यावा की सुटे स्टँड?

नवा सेट घेतला की हा प्रश्न येतोच. आधी सिंबल मोजा. दोन-तीन असतील तर रॅकच्या फंदात पडू नका. सुटे स्टँड लहान-मोठ्या कुठल्याही स्टेजवर बसतात, एखादा बिघडला तर तेवढाच बदलता येतो. बूम स्टँड (वर आडवा दांडा असलेला) लावताना मात्र एक पाय बूमच्या दिशेनेच ठेवा, नाहीतर जड राइड सिंबल सगळं घेऊन पुढे कलंडतो.

खरी गंमत टॉम आणि सिंबल वाढले की सुरू होते. तिपाईचे पाय एकमेकांत अडकतात, पेडलला जागा उरत नाही. याच गर्दीवर उपाय म्हणून 'टोटो' बँडच्या जेफ पोर्कारोसोबत पर्ल कंपनीने 1983च्या सुमारास रॅक बाजारात आणला. आडव्या पाइपवर क्लॅम्प, त्यावर सगळा संसार! क्लॅम्पजवळ मेमरी लॉक कसून ठेवलं की पुढच्या कार्यक्रमात प्रत्येक टॉम त्याच जागी, त्याच उंचीवर. ऑर्केस्ट्रावाल्यांना, जिथे साउंडचेकला वेळच मिळत नाही, हे वरदानच.

पण लांब पाइप रिक्षात मावत नाहीत आणि अरुंद स्टेजवर रॅक आक्रसता येत नाही. स्वस्त रॅक तर हलतोसुद्धा: क्रॅश वाजवला की शेजारचा टॉम थरथरतो. शिवाय स्नेअर आणि हाय-हॅटला बहुधा वेगळे स्टँड लागतातच.

माझं मत विचाराल तर चार तुकड्यांच्या सेटला डबल-ब्रेस्ड (दुहेरी पट्टीच्या पायांचे) स्टँड घ्या. रॅक घ्यायचाच असेल तर आधी दुकानात हलवून बघा.