रुई, कण्हेर, सदाफुली: घरगुती औषधांचे समज आणि वस्तुस्थिती

नीरा आणि भीमा जिथे एकत्र येतात, त्या नरसिंहपूरच्या परिसरात उसाच्या बांधावर आणि पडीक रानात रुई न लावता उगवते. अंगणात सदाफुली असते, कुंपणाला कण्हेर नाहीतर पिवळ्या फुलांची बिट्टी. ही चारही झाडं एकाच कुळातली. अ‍ॅपोसायनेसी या कुळात जगभर सुमारे पाच हजार जाती आहेत, त्यातल्या बहुतेक उष्ण प्रदेशातल्या. रुईचं कुळ पूर्वी वेगळं मानत, आता तीही यातच धरतात. या कुळाने डॉक्टरांच्या हाती फार मोलाची औषधं दिली. म्हणूनच त्यांच्याविषयी घरोघरी जे बोललं जातं, ते तपासून घ्यायला हवं.

सर्वांत जास्त ऐकू येणारा समज सदाफुलीचा. रोज सकाळी चार पानं चावली की साखर उतरते, आणि कॅन्सरवर तर ती रामबाण आहे, असं लोक सांगतात. यातला अर्धा भाग खऱ्या शोधातून आला आहे आणि तो शोध ऐकण्यासारखा आहे. सदाफुली मूळची मादागास्करची. वेस्ट इंडीज बेटांवर तिच्या पानांचा काढा मधुमेहावर घेत. जमैकातून अशी पानं १९५२ मध्ये कॅनडात पोहोचली आणि रॉबर्ट नोबल यांनी त्यांचा अर्क उंदरांना दिला. तोंडाने दिलेल्या अर्काने साखरेवर म्हणण्यासारखा परिणाम झाला नाही. टोचून दिल्यावर मात्र उंदीर जंतुसंसर्गाने मेले, कारण त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी झपाट्याने घटल्या होत्या. पांढऱ्या पेशी घटवणारा पदार्थ रक्ताच्या कॅन्सरवर चालेल, हे तिथे लक्षात आलं. नोबल आणि चार्ल्स बीअर यांनी १९५८ मध्ये व्हिन्ब्लास्टिन वेगळं केल्याचं जाहीर केलं. पाठोपाठ एका अमेरिकी औषध कंपनीच्या प्रयोगशाळेतून व्हिन्क्रिस्टिन आलं.

पेशी दुभंगताना गुणसूत्रांना दोन बाजूंना ओढणारे सूक्ष्म धागे तयार होतात. ही औषधं ते धागेच बनू देत नाहीत. लहान मुलांच्या रक्ताच्या कॅन्सरवरच्या उपचारात व्हिन्क्रिस्टिन आजही आधारस्तंभ आहे. पण पानात ते इतकं थोडं असतं, की शेकडो किलो वाळलेल्या पानांतून जेमतेम ग्रॅमभर हाती लागतं. ते शिरेतूनच द्यावं लागतं, रुग्णाच्या अंगाच्या मापानं मोजून, रक्ततपासणीवर नजर ठेवून. पानात त्याशिवाय शंभराहून अधिक अल्कलॉइड असतात. चार पानं चावणाऱ्याच्या पोटात त्यातलं काय आणि किती गेलं, हे कुणालाच सांगता येणार नाही. मधुमेहाची गोळी बंद करून या पानांवर राहणं हा तर जिवाशी खेळ आहे.

दुसरा समज पांढऱ्या फुलाचा. लाल कण्हेर विषारी आणि पांढरी देवाची, म्हणून निर्धोक, असं काही जण मानतात. तसंच पांढऱ्या रुईचं. रंगाचा विषाशी संबंध नाही. दोन्ही कण्हेरींत ओलिअँड्रिन असतं, बिट्टीत थेवेटिन, रुईच्या चिकात कॅलोट्रोपिन. हृदयाच्या पेशींतून सोडियम बाहेर टाकणारी जी यंत्रणा असते, तिला ही द्रव्यं रोखतात. हृदयविकारावरचं डिजॉक्सिनही असंच काम करतं, पण त्याची गोळी मिलिग्रॅमच्याही अंशांत मोजलेली असते. पानात मोजमाप नसतं आणि वाळल्यानेही विष जात नाही. कुंपणाची छाटलेली कण्हेर कडब्यात गेली तर जनावर दगावू शकतं. बिट्टीच्या बिया मुलं खेळायला घेतात. त्या बियांतच विष दाट असतं. श्रीलंकेत १९८०च्या दशकापासून या बियांच्या विषबाधेने इतके रुग्ण दाखल झाले, की त्यावरच्या उपचारांच्या मोठ्या चाचण्या तिथेच झाल्या.

असं काही पोटात गेलं तर मीठ-पाणी पाजून उलटी काढत बसू नये. माणूस बरा दिसत असला तरी हृदयाचे ठोके काही तासांनी बिघडू शकतात. झाडाची फांदी बरोबर घेऊन, हृदयाचा आलेख काढण्याची सोय असलेलं रुग्णालय गाठावं.

रुईच्या चिकाचं वेगळं सांगायला हवं. पायातला काटा निघावा म्हणून चीक लावायची पद्धत जुनी आहे, आणि मारुतीला शनिवारी रुईच्या पानांची माळ घालतात. ती ओवताना चिकाचा थेंब हातावरून डोळ्यात जातो. पुष्कळदा दुखतच नाही. दुखत नाही म्हणून माणूस निर्धास्त राहतो आणि काही तासांत नजर धुरकट होते, कारण चीक बुबुळावरच्या पारदर्शक पडद्याच्या आतल्या थराला इजा करतो. लगेच भरपूर स्वच्छ पाण्याने डोळा धुवावा आणि त्याच दिवशी नेत्रतज्ज्ञाला दाखवावा. वेळीच उपचार झाले तर बहुतेकांची नजर परत येते.

उलट बाजूनेही एक गैरसमज आहे. शिकलेल्यांना वाटतं की झाडपाल्यात काही तथ्यच नसतं. त्यांनी मुंबईच्या डॉ. रुस्तम जाल वकील यांचं काम पाहावं. याच कुळातल्या सर्पगंधेच्या मुळीने रक्तदाब उतरतो हे त्यांनी रुग्णांवर तपासलं आणि १९४९ मध्ये ब्रिटिश हार्ट जर्नलमध्ये छापलं. त्या लेखाने जगाचं लक्ष या मुळीकडे वळलं. १९५२ मध्ये स्वित्झर्लंडमध्ये तिच्यातून रिसर्पिन वेगळं झालं आणि १९५७ मध्ये वकिलांना लास्कर पुरस्कार मिळाला. पुढे रिसर्पिन घेणाऱ्या काहींना तीव्र नैराश्य आल्याच्या नोंदी झाल्या. वनस्पतीतून आलेलं म्हणून त्याचे दुष्परिणाम टळले नाहीत.

ही मुळी साप चावल्यावर उगाळून देतात, तो समज मात्र सोडूनच द्यायला हवा. घोणस किंवा नागाच्या विषाला ती उतरवत नाही. उसात पाणी देताना साप चावला, तर चावलेला भाग न हलवता, न कापता, न आवळता, प्रतिविषाची लस असलेल्या सरकारी रुग्णालयात थेट जावं. मुळी शोधण्यात गेलेला अर्धा तास नंतर भरून काढता येत नाही.